मागचा माणूस काढणे

सकाळी फोटो लॅबमध्ये कामाला बसलं की सिल्व्हिया आधी चहा संपवायची आणि मगच फाईल उघडायची. पण त्या दिवशी चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली आणि दुपारी बन्सीकाकांनी तो मोरीत ओतून टाकला. घडलं होतं एवढंच, की सुनील नावाच्या एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला होता. संगमनेरच्या बाजारपेठेतून आत शिरणाऱ्या एका गल्लीत त्याचं साड्यांचं दुकान होतं. त्या दुकानाला येत्या रविवारी वर्ष होणार होतं, आणि उद्घाटनाच्या दिवशी दुकानापुढे काढलेला सहकुटुंब फोटो त्याला गल्ल्याच्या मागे लावायला मोठ्या कॅनव्हासवर करून हवा होता. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, ‘मागचा माणूस काढणे.’ असली कामं तिच्या पाचवीलाच पुजलेली. लोकांना आपल्या फोटोत परकं काही खपत नाही. कुत्रं काढा, विजेचा खांब काढा, कुणाची मोटारसायकल काढा, आणि बिनसलं असेल तर सख्खी जाऊसुद्धा काढा म्हणतात. माणसाभोवती नीट रेघ ओढता यावी म्हणून तिने फोटो मोठा केला आणि माउसवरचा हात थांबला. मागचा माणूस सॅमसन होता. सॅमसन म्हणजे तिचा नवरा, आणि तो वारला त्यालाही रविवारीच वर्ष होत होतं.

ती दचकली नाही. छातीत धस्स झालं असं म्हणायची एक सोय असते, पण तसंही काही झालं नाही. तिला फक्त खुर्चीचा पत्रा मांडीला गार लागला आणि बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं त्याची पिपाणी ऐकू येत राहिली. फोटोत पुढे सुनील होता, नव्या कोऱ्या सफारीत. शेजारी त्याची बायको पूजा, पैठणीचा पदर पुढे घेऊन. मध्ये त्यांची लहान मुलगी संस्कृती, हातात फीत कापायची कात्री, आणि कात्री कुणाला लागू नये म्हणून तिचं मनगट धरलेला कुणाचा तरी हात. त्यांच्या मागे, पूजाच्या खांद्यावरून दिसत होती पलीकडची पिवळी भिंत, आणि भिंतीच्या कडेने निळ्या शर्टातला एक माणूस चालला होता. त्याच्या एका कानाला मोबाईल होता. हातात पांढरट काहीतरी होतं, बहुधा कॅरीबॅग. निळा शर्ट तिने नाताळात घेतलेला. पण शर्टावरून नव्हे, तिने त्याला चालण्यावरून ओळखलं. उजवा पाय जरासा बाहेर टाकायची खोड होती त्याला, आणि फोटोत तो पाय तसाच बाहेर पडला होता, खाली टेकायच्या आधी.

तिने चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला. इथे या धंद्यातली गंमत सुरू होते, आणि ती सिल्व्हियाने आजवर शेकडो गिऱ्हाइकांना हसत हसत समजावून सांगितली होती. मोबाईलच्या फोटोत मोजकेच चौकोन भरलेले असतात. व्हॉट्सअॅपवरून आला की त्यातले निम्म्याहून जास्त वाटेतच गळतात. मग तो फोटो पोस्टकार्डाएवढा छापा, सुरेख येतो. दाराएवढा छापायला घ्या, की फाटतो. चौकोन वाढत नाहीत, फुगतात. जवळ जावं तसा माणूस दिसायला हवा, तर इथे उलटं. जवळ जावं तसा तो नाहीसा होतो. सॅमसनच्या कपाळाचे काही करडे चौकोन झाले, डोळ्यांच्या जागी दोन काळपट डाग राहिले, ओठांच्या जागी एक तपकिरी ओळ आली आणि त्या ओळीच्या मधोमध एकच चौकोन जरा फिकट होता. ती त्या फिकट चौकोनाकडे बघत बसली. दात असेल तर तो हसत होता. नुसता उन्हाचा तुकडा असेल तर हसत नव्हता. तिला जे हवं होतं ते सगळं त्या एका चौकोनात होतं आणि तो चौकोन काही बोलत नव्हता.

कारण त्या दिवशी सकाळी ती दोघं भांडली होती. भांडण कशावरून, तर मिक्सरच्या जारवरून. जारचं पातं फिरेना म्हणून तो दुरुस्तीला टाकला होता आणि आज आणतो, उद्या आणतो करत सॅमसनने कितीतरी दिवस घालवले होते. तो गावाबाहेरच्या दूध संकलन केंद्रावर दुधातली फॅट मोजायचा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या मधली दुपार त्याला मोकळी असायची, पण जार काही घरी येईना. आई, म्हणजे सॅमसनच्या आई रेबेकाबाई, खलबत्त्यात चटणी कुटत होत्या, त्यांचा खांदा दुखत होता, सिल्व्हियाला लॅबला उशीर होत होता, आणि या सगळ्याचं मिळून तिच्या तोंडून निघून गेलं, “जार घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस.” वर हेही म्हणाली, “आणि पिशवी ने. नाहीतर आणशील हातात धरून.” हे दुसरं वाक्य तर रोजचंच होतं. सॅमसनला पिशवीचं वावडं होतं. कोथिंबिरीची जुडी खिशात, अंडी हातात, एकदा तर जिवंत मासा शेपटीला धरून नदीकडून घरापर्यंत आणलेला. सगळी गल्ली हसली होती. त्या सकाळी मात्र कुणी हसलं नाही. पिशवी खुंटीलाच राहिली आणि तो भाकरी न खाता गेला.

दुपारी त्याचा फोन आला होता. ती याच टेबलाशी बसली होती. मोबाईलवर नाव दिसलं, आणि वाजू दे, म्हणून तिने तो पालथा घातला. संध्याकाळी मोटारसायकलवरून केंद्राकडे जाताना बायपासवर, रस्त्याच्या कडेला बिनादिव्याची उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. दवाखान्यातून तिला त्याची अंगठी मिळाली, पाकीट मिळालं, तडकलेला मोबाईल आणि एक बूट मिळाला. जार नव्हता. म्हणजे तो आणायला गेलाच नाही, असं तिने धरलं. गेला नाही म्हणजे राग गेला नव्हता. राग गेला नव्हता म्हणजे दुपारचा फोन भांडण पुढे चालवायलाच होता, आणि माणूस रागाने भरलेला असला की समोरची ट्रॉली त्याला दिसत नाही. वर्षभर हा हिशेब ती मनात पुन्हा पुन्हा करत होती आणि दरवेळी उत्तर तेच येत होतं. त्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्या गल्लीच्या तोंडाशी आलं की तिचे पाय आपोआप दुसरीकडे वळायचे, आणि वळले की तिला बरं वाटायचं असंही नाही. काहीच वाटायचं नाही. वर्षभर हे असंच चाललं होतं. जेवण घशाखाली उतरत होतं, झोप लागत होती, चर्चमध्ये गाणी तोंडपाठ येत होती. दंतवैद्याने सुई दिलेल्या गालावरून बोट फिरवावं तशी ती आपल्या दिवसांवरून फिरत होती.

आणि घरात भिंतीवर सॅमसनचा फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावातल्या कितीतरी मेलेल्या माणसांना सिल्व्हियाने भिंतीवर चढवलं होतं. लोक आधार कार्डाचा फोटो घेऊन यायचे, लग्नाच्या घोळक्यातलं एखादं डोकं बोटाने दाखवायचे आणि म्हणायचे, एवढंच हाय ताई, ह्याचं करा काहीतरी. मग ती ते डोकं अलगद उचलायची आणि लॅबमधल्या तयार कोटावर नाहीतर टोपी-उपरण्यावर बसवायची. जन्मात कोट न घातलेले शेतकरी कोटात हार घालून घ्यायचे. झोपलेल्यांचे डोळे तिने उघडले होते. फ्रेम घेताना बाया तिच्यासमोर रडायच्या आणि ती त्यांना पाणी द्यायची. सॅमसनचे फोटो तर तिच्याकडे डिस्कभर होते, एकाहून एक स्पष्ट, पापणीचा केस न् केस दिसेल असे. रेबेकाबाईंनी तिला महिन्याच्या प्रार्थनेआधी सांगितलं, सहा महिन्यांनी सांगितलं, आता वर्षाच्या प्रार्थनेसाठी चर्चमधली माणसं घरी येणार होती म्हणून रोज सांगत होत्या. पण ते सगळे फोटो भांडणाच्या आधीचे होते. त्यातला कुठलाही लावला तरी भिंतीवरचा सॅमसन त्या सकाळबद्दल काहीच माहीत नसलेला असणार. तिला नंतरचा चेहरा हवा होता, आणि तो आजवर कुठे नव्हताच.

तिने सुनीलला फोन लावला. “ओरिजिनल पाठवता का? व्हॉट्सअॅपवरच पाठवा, पण डॉक्युमेंट करून. म्हणजे आहे तसा येतो.”

“ओरिजिनल कुठला, मॅडम,” सुनील म्हणाला, “मेव्हण्याच्या मोबाईलमधी हुता. त्यानं तो मोबाईलच एक्स्चेंजला दिला की.”

“कुठे काढून ठेवला असेल. मेलवर, कॉम्प्युटरवर. विचारा ना त्यांना.”

“विचारलं वो मागंच. न्हाई म्हनतोय. आन् एवढं काय त्यात? आमी तिघं दिसतोय की झ्याक. त्यो मागचा तेवढा काढायचा, बास.”

“मोठा केला की फोटो फाटतो,” सिल्व्हिया म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. पलीकडून सुनील म्हणाला, “जमंल तसं करा, ताई. रईवारी लावायचाय.” मॅडमची ताई झाली होती, म्हणजे आवाजात काहीतरी असणार.

चेहरे सुधारणारं एक नवं सॉफ्टवेअर लॅबमध्ये आलं होतं. अंधूक फोटो घातला की ते आपल्या पदरचे चौकोन भरतं आणि चेहरा लख्ख करून देतं. गिऱ्हाइकं खूश असायची. सिल्व्हियाने सॅमसनचं डोकं कापून त्यात टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि मग सॅमसन तिच्याकडे बघून हसला. चांगला बत्तीशी दाखवून, मनापासून हसला. डोळ्यांत चमक, गालाला खळी. ती खुर्चीत मागे टेकली. ठेवावा का हा? कुणाला काय कळणार आहे? आईंना दाखवता येईल, स्वतःलाही दाखवता येईल, रोज दाखवला तर एक दिवस खराही वाटेल. तिला ते हसू इतकं हवंसं वाटलं की तिने हात लांब करून पडद्यावरची धूळ पुसली. पण सॅमसनचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, लहानपणी प्रवरेत सूर मारताना दगडावर आपटून, आणि या माणसाचे दात एका ओळीत होते. खळी तर त्याला कधी नव्हतीच. तिने बटण पुन्हा दाबलं. या खेपेला ओठ मिटलेले आले, भुवया खाली आल्या. हा रागावला होता. तोच फोटो, तेच चौकोन, आणि एकदा हसरा, एकदा रागीट. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच.

बन्सीकाका मागे येऊन उभे राहिले. लॅब त्यांची. काळ्या खोलीत रोल धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस. सॅमसन तिला न्यायला यायचा तेव्हा बाहेरच्या पायरीवर बसून त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे निरखून पाहिलं. “हा कुठला पाव्हणा?” त्यांनी विचारलं.

सिल्व्हियाने मूळ फोटो उघडला आणि पिवळ्या भिंतीपाशी बोट ठेवलं. बन्सीकाका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. “सॅमसन,” ते म्हणाले. “आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, पोरी? मशीन मनचं सांगतं. पुसून टाक ते.” तिने दोन्ही चेहरे पुसले. रागीट आधी पुसला, हसरा नंतर, जरा थांबून. आणि मग, का ते तिला सांगता आलं नसतं, तिने भिंतीकडेचा तेवढाच तुकडा कापला, जसा होता तसा, फाटका, आणि मोठ्या कागदावर छापायला लावला. कॅनव्हास करण्याआधी कागदावर नमुना काढायची लॅबची रीतच होती. कागद बाहेर आला. टेबलावर ठेवून पाहिला तर नुसत्या रंगीत फरशा. निळ्या, पिवळ्या, करड्या. त्यात माणूस कुठे सुरू होतो आणि भिंत कुठे संपते हेही कळत नव्हतं. तिने तो नेहमीच्या दोरीला चिमट्याने अडकवला आणि पाणी प्यायला दाराकडे गेली. पाण्याचा जार दाराशी असतो. जार हा शब्दसुद्धा तिने वर्षभर मनात टाळला होता. ती त्याला कॅन म्हणायची.

ग्लास भरता भरता तिने मागे वळून पाहिलं. लॅबच्या त्या टोकाला सॅमसन चालला होता. फरशा बिरशा काही नव्हत्या. निळा शर्ट, बाहेर पडलेला उजवा पाय, खांदा आणि कान यांच्यात चेपलेला मोबाईल, सगळा सॅमसन. चौकाचौकात लागणारे फ्लेक्स असेच छापतात, जवळून बघाल तर फाटके, आणि रस्त्याच्या पलीकडून बघाल तर माणूस उभा. हे तिला पाठ होतं, दिवसातून दहादा ती गिऱ्हाइकांना सांगायची, फ्लेक्स नाक लावून बघायचा नसतो म्हणून. स्वतः मात्र सकाळपासून नाक लावून बसली होती. तिने चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा इथूनही कळत नव्हता. हसत असेल, नसेल. तो फिकट चौकोन इथून दिसतच नव्हता. मग तिची नजर खाली हातावर गेली. सकाळी तिने त्या हातातल्या पांढऱ्या डागाला कॅरीबॅग म्हणून सोडून दिलं होतं. सॅमसनच्या हातात कॅरीबॅग? तो डाग पांढरा नव्हता, स्टीलवर ऊन पडलं होतं. वरच्या बाजूला काळी बैठक होती, बाजूला काळा दांडा होता, आणि त्या दांड्याला धरून, तोंड खाली करून, सॅमसन मिक्सरचा जार घेऊन चालला होता.

ग्लास भरून पाणी तिच्या पायावर सांडलं. तिने नळ बंद केला आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली. तो जार घेऊन येत होता. जार हातात घेतला आणि तसाच चालत चालत तिला फोन लावला. काय सांगणार होता? घेतला गं बाई तुझा जार, एवढंच असणार. रागाने म्हणाला असता कदाचित, कदाचित हसत म्हणाला असता. राग असेलही. रागातही माणसं जार आणतात, आणि रागातही फोन करून सांगतात. घरी यायला वेळ मिळाला नसेल म्हणून जार बरोबरच राहिला असेल, आणि बायपासवरच कुठेतरी गेला असेल, त्या रस्त्याकडेच्या उसात, नाहीतर कुणीतरी उचलून नेला असेल. कुणाच्या तरी घरात त्यात रोज चटणी होत असेल. वर्षभराचा तिचा हिशेब पहिल्या ओळीपासूनच चुकला होता. तिला वाटलं आता रडू येईल, आणि ती रडू यायची वाट बघत बसली. आलं नाही. पण ओला पाय तिला गार लागत होता, आणि तो गारवा तिला नीट, स्वच्छ कळत होता.

मग उठून तिने सुनीलचं काम केलं. मागच्या माणसाभोवती रेघ ओढली, कधी नव्हे इतक्या निगुतीने. बाहेर पडलेल्या पायाच्या कडेने, मोबाईलच्या कडेने, जारच्या दांड्याच्या आतून. बटण दाबल्यावर भिंत त्याच्या जागेवर आली, पिवळी, सलग, कुठेही सांधा न दिसणारी. सुनीलला लिहून पाठवलं, की कॅनव्हास एवढा मोठा नको, मध्यम करू, म्हणजे तिघांचे चेहरे फाटणार नाहीत. त्याने उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं अंगठ्याएवढं चित्र पाठवलं. दोरीवरचा नमुना तिने गुंडाळला आणि निघताना बन्सीकाकांना म्हणाली, “हा घरी नेते.” ते नुसतं “बरं” म्हणाले.

घरी रेबेकाबाई स्वयंपाकघरात खाली बसून शेंगदाणे कुटत होत्या. मिक्सर ओट्यावर होता, बिनजारचा, त्यावर वर्षभर क्रोशाचा रुमाल टाकलेला. सिल्व्हियाने तो रुमाल काढून घडी केला, मिक्सर बाजूला सारला आणि ओट्यामागच्या भिंतीला कागद चिकटवला. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिला कागद कसला ते कळणार नाही असं सिल्व्हियाला वाटलं होतं. रेबेकाबाईंनी बसल्या जागेवरून मान वर केली आणि बत्ता तसाच हातात राहिला.

“सॅमसन,” त्या म्हणाल्या. “ह्यो कधीचा गं?”

“त्या दिवसाचा, आई. दुपारचा.”

रेबेकाबाई भिंतीला धरून उठल्या. जवळ गेल्या, काही दिसेना म्हणून दोन पावलं मागे आल्या, आणि डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. घरात शेंगदाण्यांचा आणि लसणाचा वास होता. बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर मालिका लागली होती.

“हातात काय हाय त्याच्या?”

“मिक्सरचा जार. आणत होता तो, आई. घेऊन निघाला होता.”

म्हातारीने पदराने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, आणि मग तिच्या कपाळावर आठी आली.

“आन् आसाच हातात?” ती म्हणाली. “पिशवी न्हाई घेतली?”

“नाही.”

“किती येळा सांगायचं ह्याला,” रेबेकाबाई त्या कागदाकडे बघून म्हणाल्या, सॅमसन आत्ताच दारातून आत आल्यासारखं.

“सकाळीच सांगितलं होतं मी,” सिल्व्हिया म्हणाली, “पिशवी ने म्हणून, खुंटीलाच होती, सकाळीच सांगितलं होतं,” आणि तिला एकदम रडू फुटलं, भांडता भांडता फुटतं तसं, मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं.